एरंडेल लावलेल्या बिया

मी कॉलेजात काय शिकते, हे माझ्या आईला तीन वर्षं नीट माहीत नव्हतं. त्यात तिचा दोष नव्हता. तिनं विचारलं की मी 'प्रोजेक्ट आहे', 'लॅब आहे', 'एक्झाम आहे' एवढंच सांगायची, तेही इंग्रजीतून आणि खोलीकडे चालता चालता. शेजारणीनं विचारलं तर आई म्हणायची, "पाण्याचं कायतरी शिकते."

"म्हणजे प्लम्बिंग?" शेजारीण विचारायची, आणि दोघी हसायच्या. मला ते आतल्या खोलीत ऐकू यायचं. मी बाहेर येऊन कधी काही सांगितलं नाही.

आम्ही बहरीनमध्ये माहूजला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. माझा जन्म इथलाच. आई-पप्पा संगमेश्वरकडच्या गावचे. पप्पा अदलियातल्या एका लाँड्रीत धुलाईची मोठी मशीन सांभाळतात. घरात ते दोघं गावाकडचं बोलतात. मला सगळं समजतं, पण बालवाडीपासून शाळा इंग्रजी, त्यामुळे तोंडातून उत्तर इंग्रजीच येतं. मराठीत बोलायला गेले की माझं वाक्य मध्येच अडकतं. मग समोरचा ते पूर्ण करून देतो आणि मला लाज वाटते. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं. हे लिहितानाही मी आईला दोन-चार शब्द विचारले आहेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी खजुराच्या बिया घेतल्या. कपड्यांचे रंग, तेलं, औषधं अशा गोष्टी सांडपाण्यात गेल्या की सहज कुजत नाहीत, तशाच राहतात. त्या काढायला पाणी शुद्ध करायचे महागडे कोळसे आणि यंत्रं असतात. पण झाडांपासून मिळणाऱ्या साध्या टाकाऊ वस्तूही हे काम थोडंफार करतात: नारळाचा काथ्या, शेंगदाण्याची टरफलं, केळीची साल, लाकडाचा भुसा. आमच्या मॅडम बहरीनच्याच. त्या म्हणाल्या, इथं कचऱ्यात सगळ्यात जास्त काय जातं ते बघ. त्यांच्या लहानपणी घरी खजुराच्या बिया भिजवून गायीला घालत. आता गाय नाही, बिया सरळ काळ्या पिशवीत जातात. मग खजुराच्या बियाच घ्यायचं ठरलं. बिया भाजायच्या किंवा जाळायच्या नाहीत, कसलं महागडं रसायनही वापरायचं नाही. नुसत्या धुवायच्या, वाळवायच्या, दळायच्या, आणि ती पूड रंगीत पाण्यात ढवळून बघायची.

रंगीत पाणी पप्पांनी दिलं. बायकांचे नवे काळे अबाये, म्हणजे बुरख्यासारखे झगे, गडद जीन्स, शाळेचे गणवेश पहिल्यांदा मशीनमध्ये गेले की रंग सोडतात. ते पाणी पाच लिटरच्या बाटलीत भरून पप्पा घरी आणायचे आणि दारातच ओरडायचे, "यल्ला, चल, तुझं गटार आलं गो!" बाटलीवर त्यांनी मार्करनं तारीख घातलेली असायची. मी सांगितलं नव्हतं, तरी.

बिया जमल्या रमझानमध्ये. लाँड्रीत रोज इफ्तारचे डबे यायचे, पप्पा सगळ्यांच्या बिया कागदात बांधून आणायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई ताटलीभर खजूर पाठवायच्या, त्याच्या बिया आम्ही ठेवायचो. पहिल्या आठवड्याच्या बिया मी स्वतः धुतल्या, लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवल्या, दळल्या. चहाच्या पुडीसारखी तपकिरी पूड झाली. काळ्या पाण्यात टाकून तासभर ढवळली आणि गाळली, तर खाली आलं ते कोऱ्या चहापेक्षाही फिकं पाणी. लॅबमध्ये मी एकटीच होते. मी फोन काढून त्याचा फोटो घेतला आणि कोणालाच पाठवला नाही.

मॅडमनी आकडे पाहिले, मान डोलावली आणि काम वाढवलं. दोन महिन्यांनी परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक होतं. तिथं लाँड्रीचंच पाणी, मोठ्या बरणीत, त्यांच्या डोळ्यांदेखत साफ करून दाखवायचं. ते जमलं नाही तर प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरला, आणि पदवीही. पहिली पूड चाचण्यांमध्येच संपत आली होती. पण काळजी नव्हती, कारण उरलेल्या सगळ्या रमझानच्या बिया घरी स्टीलच्या मोठ्या डब्यात साठत होत्या. मी कॉलेजात असायची, म्हणून ते काम आईनं आपणहून घेतलं होतं. "तुला धुवायला नको, मी धुवून ठेवते," ती म्हणाली होती. मी 'ओके' म्हटलं होतं.

ईद झाली, त्यानंतर तीन आठवड्यांनी मी त्या डब्यातल्या निम्म्या बिया कॉलेजात नेल्या. बिया स्वच्छ होत्या, एकीलाही गर चिकटलेला नव्हता, छान चकचकीत. मला वाटलं, आईसारखं धुणं मला जन्मात जमणार नाही. मी त्या परत धुतल्या नाहीत. वाळवल्या आणि दळल्या. दळताना पूड भांड्याच्या कडेला चिकटत होती, बोटानं सोडवावी लागत होती. खजूर वेगळ्या जातीचा असेल असं मी वहीत लिहिलं.

आणि पाणी साफ होईना.

काळं पाणी काळंच राहिलं, वर पातळसा तवंग आला. मी पूड दुप्पट केली, तवंगही दुप्पट झाला. ढवळायचा वेळ वाढवला. पाण्यात लिंबाचे चार थेंब घालून बघितले. रंग मोजायच्या यंत्रावर आकडा जरासा हलायचा, पण तिथल्या तिथंच राहायचा. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत एक काहीतरी बदललंय. ते शोध. रिपोर्टमध्ये ते कारण यायला हवं."

मी बदल पप्पांच्या बाटलीत शोधला.

"पप्पा, डिड यू चेंज द डिटर्जंट?" मी जेवताना विचारलं.

"नाय गो. तोच ड्रम आहे."

"सॉफ्टनर? समथिंग ऑइली?"

"मी पाणी भरताना नीट भरतो, बाळा. आधी बाटली दोनदा विसळतो." ते जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या आणल्या, एक सकाळच्या पाळीची, एक दुपारची, दोन्हींवर तारखेखाली वेळही लिहिलेली. दोन्हींनी तेच केलं. मी त्यांना सांगितलं नाही की त्यांचं पाणी निर्दोष आहे. नुसतं 'थँक्यू' म्हटलं.

पंधरा दिवस उरले होते. एका शनिवारी मी दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर आई खाली बसून परातीत तूरडाळ घोळत होती. उन्हाळा वाढायच्या आत ती दर वर्षी डाळींना आणि कडधान्यांना एरंडेल लावून ठेवते. गावाला पावसाळ्यापूर्वी लावतात. इथं पावसाळा असा नाही, पण आई म्हणते किड्यांना कुठं कळतंय. तळव्यावर थोडं तेल घ्यायचं, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, मग डाळ खालून वर, खालून वर. प्रत्येक दाण्याला चमक येईपर्यंत.

मी ती चमक बघत उभी राहिले.

आई मान वर न करता म्हणाली, "तुझ्या त्या बियांना पण लावलेलं. महिनाभर ठेवायच्या म्हणजे भुंगे नाय का होणार? खजुराला लगेच होतात. दोन थेंब जास्तच घातले, बी कडक असते ना. बघितलंस, एक तरी कीड लागली?"

तिचा चेहरा खूश होता. चार आठवडे ती हे सांगायची वाट बघत असावी, आणि मी विचारलंच नव्हतं.

"यू रुइन्ड इट," मी म्हणाले. "यू रुइन्ड एव्हरीथिंग, आई. हू पुट्स ऑइल ऑन सीड्स?"

मराठीत मी असं बोलले नसते. मराठीत मला रागवायला शब्दच मिळत नाहीत. इंग्रजीत ते ओळीनं तयार असतात.

आईचे हात परातीत थांबले. तिला इंग्रजी येत नाही असं मी धरून चालले होते. पण वीस-बावीस वर्षं इथले डॉक्टर, शाळा, कोल्ड स्टोअरचे वाणी, सगळ्यांशी तिनंच निभावलंय. मी खोलीत निघून गेले.

संध्याकाळी उरलेल्या बियांचा डबा माझ्या खोलीच्या दाराशी ठेवलेला होता. झाकण घट्ट लावून. त्या दिवसापासून आईनं माझ्या वस्तूंना हात लावणं बंद केलं. माझी वही ओट्यावर दिसली तरी ती तिथंच राहू द्यायची. माझा लॅबकोट इस्त्रीच्या कपड्यांतून वेगळा काढलेला असायचा. जेवायला हाक मारायची, वाढायची, हवं-नको विचारायची. पण 'झालं का काम?' हे रोजचं विचारणं बंद झालं. ते विचारणं मला इतकी वर्षं कटकटीचं वाटत आलं होतं.

पप्पा एकदाच म्हणाले, गाडीतून कॉलेजला सोडताना. "तुझी आई रोज त्या बिया चार पाण्यांनी धुवायची. मला सांगायची, पोरीचं काम आहे, गोडसरपणा राहता नये."

खिडकीबाहेर कॉलेजच्या वाटेवरचे रिफाचे बंगले सुरू झाले होते.

आता करायचं काय, हा प्रश्न होताच. नव्या बिया जमवायच्या तर आम्हाला पाच-सहा किलो खजूर खायला हवा होता. पप्पांना डायबेटीस, उरलो आम्ही दोघी. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी कुठून तरी बिया मिळवून दिल्या असत्या. पण मग काय झालं ते सांगावं लागलं असतं. लॅबमधल्या एका रसायनानं तेल निघालं असतं. पण स्वस्त, साधी, कोणालाही घरी करता येईल अशी पूड, असं आम्ही पहिल्याच पानावर लिहिलं होतं. वर तेही मॅडमना विचारूनच घ्यावं लागलं असतं. मी रिपोर्टमध्ये 'साठवणुकीदरम्यान अज्ञात कारणाने दूषित' असं एक वाक्य लिहून ठेवलं. आठ दिवस ते वाक्य रोज वाचलं आणि रोज तिथंच सोडलं.

पुढच्या शनिवारी मी डबा उचलून स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. मी वाक्य मनात तीनदा जुळवलं होतं.

"आई, हे तेल कसं काढायचं?"

ती वळली. मी मराठीत विचारलं होतं हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं ते दाखवलं मात्र नाही.

"तू तान्ही असताना तुझ्या अंगाचं कसं काढायचे?" ती म्हणाली.

"मला कसं माहीत असणार?"

"बरोबर. तू नुसती भोकाड पसरायचीस." तिनं शेवटची भाकरी तव्यावर टाकली. "तेल चोळून झालं की डाळीचं पीठ. साबणानं तेल पसरतं नुसतं. पीठ तेल ओढून घेतं. मग कढत पाणी. तो डबा आण हिकडं."

परात खाली आली. आईनं बियांवर चण्याचं पीठ पसरलं, कोरडंच, आणि माझ्याकडे बघितलं. "बस. मी नाय लावणार हात. तू कर, मी सांगते."

"तू पण कर ना."

"परत काय बिघडलं तर?"

ती चेष्टेनं म्हणाली, पण पूर्ण चेष्टेनं नाही. मी तिचा हात मनगटाला धरून परातीत ठेवला. आम्हा दोघींना असल्या गोष्टींची सवय नाही. तिनं लगेच बिया चोळायला सुरुवात केली, आणि मीही.

पीठ हळूहळू गडद, जड, चिकट होत गेलं. ते झटकून आई नवं घ्यायची.

"आता सांग," ती म्हणाली. "ह्या बिया करतात काय पाण्याचं?"

मला इंग्रजीत ते एका वाक्यात येतं. मराठीत मी कितीतरी वेळ अडखळले. बी दळली की तिच्या प्रत्येक कणाला बारीक बारीक, डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, खडबडीत जागा असतात, पाण्यातला रंग तिथं येऊन चिकटतो, आत विरघळत नाही, वरच बसतो... 'बसतो' शब्द मिळेपर्यंत मी हातवारे करत होते. आईनं एकदाही माझं वाक्य पूर्ण करून दिलं नाही. हात चालू ठेवून वाट बघत राहिली.

"म्हणजे बसायच्या जागा," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्या जागांवर माझं एरंडेल आधीच जाऊन बसलं. रंग आला तर जागाच नाय."

मॅडमनी मला हे समजवायला फळ्यावर दोन आकृत्या काढल्या होत्या.

"मग हे आधी सांगायचं नाय का गो?" आई म्हणाली. "मला वाटलं बियाणं आहे. पेरणार असाल कुठंतरी."

तिला खरंच तसं वाटलं होतं. बियाण्यालाही गावाला असंच जपून काही ना काही लावून ठेवतात. आम्ही दोघी मोठ्यानं हसलो, पिठाच्या हातांनी माझा चष्मा माखला, आणि पप्पा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "काय फुटलं?"

"कायपण नाय," आई ओरडली. "तुमच्या लेकीनं तोंड उघडलं."

पीठ तीनदा बदललं. मग कढत पाणी, पाच वेळा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पीठ बियांवर राहता नये हे मी तिला सांगितलं, कारण त्यालाही जागा लागते. तिनं एक एक बी बोटात फिरवून पाहिली. एकही चमकत नव्हती. आम्ही त्या बाल्कनीत चादरीवर पसरल्या आणि ऊन उतरेपर्यंत आळीपाळीनं परतल्या.

त्या बियांची पूड पहिल्या पुडीइतकी चांगली निघाली नाही. हे सांगायला हवं. कुठंतरी तेल खोल मुरलं असणार. पण तवंग आला नाही आणि आकडा हलला, चांगलाच हलला. मी प्रात्यक्षिकासाठी तीच नेली. पहिलीची चमचाभर शिल्लक होती, ती नेली नाही.

परीक्षक दोघं होते, आणि मॅडम. एका बरणीत तेलकट पूड, दुसरीत पिठानं साफ केलेली. दोन्हींत पप्पांचं पाणी. ढवळणं चालू असताना मला माझी स्लाइड्सची वाक्यं म्हणायची होती, ती मी भिंतीकडे बघून म्हटली. तासाभरानं गाळलं तेव्हा पहिल्या बरणीचं पाणी शाईसारखं आलं. दुसरीचं कोऱ्या चहासारखं. फार सुंदर नाही, पण ग्लासच्या पलीकडे ठेवलेला कागद वाचता येत होता.

एक परीक्षक रिपोर्ट चाळत होते. "दुसरी बॅच अज्ञात कारणाने दूषित," त्यांनी वाचलं. "पण तुम्ही तर तेल काढलंय. म्हणजे कारण माहीत आहे. हे तेल आलं कुठून?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला घरातलं काही बाहेर सांगायला आवडत नाही. 'साठवताना चूक झाली' एवढं म्हणून सुटता आलं असतं, आणि त्यांनी ते आईच्या नाही, माझ्याही नाही, कोणाच्याच नावावर न घालता पुढचं पान उलटलं असतं.

"माझ्या आईनं लावलं," मी म्हणाले. "आमच्याकडे धान्य साठवताना कीड लागू नये म्हणून लावतात. तिनं ते काळजीनं केलं. बिया कशासाठी आहेत हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे, ते वाक्य मी बदलते." श्वास घेतला आणि पुढचंही बोलून टाकलं. "आणि ते काढायची रीतही तिचीच आहे."

"रसायनाशिवाय?" दुसऱ्या परीक्षक बाईंनी विचारलं.

"डाळीच्या पिठानं."

त्यांनी हात पुढे करून नमुन्याला ठेवलेली साफ बियांची वाटी घेतली, एक बी उचलली आणि अंगठ्यानं घासून पाहिली, अगदी आईसारखी. "हे रिपोर्टात लिहा," त्या म्हणाल्या. "सगळं. रीतीसकट."

पास झाल्याचं मॅडमनी कॉरिडॉरमध्येच सांगितलं. ते वाक्य बदलून दोन दिवसांत द्यायचं होतं.

घरी आले तेव्हा आई मासे साफ करत होती. मला बघून तिनं काही विचारलं नाही. हात मात्र थांबले होते.

"झालं काम," मी म्हणाले.

"झालं? सगळं?"

"सगळं. तुझं नाव सांगितलं तिथं. म्हणजे, आई म्हणून."

"माझं कशाला?" ती पुन्हा माशांकडे वळली, खवले जरा जोरातच उडाले. "तेल लावलं ते पण सांगितलंस?"

"ते पण."

"बाई गं." पण ती हसत होती. मी बाजूला स्टूल ओढून बसले. कपडे बदलायला खोलीत गेले नाही. मी तिला बरण्यांचं सांगितलं, शाईचं पाणी आणि चहाचं पाणी, बाईंनी बी कशी घासून बघितली ते. दोनदा अडखळले, दोन्ही वेळा ती थांबली.

मग ती म्हणाली, "एक सांग. रंग त्या पुडीवर बसला, पाणी साफ झालं. बरोबर?"

"हो."

"मग ती पूड? रंग भरलेली? ती कुठं टाकलीस?"

लॅबमध्ये ती एका पिवळ्या डब्यात जाते. डबा भरला की कोणीतरी घेऊन जातं. कुठं, ते मी कधी विचारलं नव्हतं. पूर्ण रिपोर्टात त्यावर एक ओळ नव्हती, आणि परीक्षकांनीही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग काय, घाण हिकडची तिकडं," आई म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरोखर प्रश्न पडला होता. "ते पण बघायला हवं ना?"

मी वही आणायला उठले. आईनं पाण्याच्या हातांनीच ओट्यावरची एक जागा पुसून कोरडी करून दिली, मला लिहायला.